लेकीच्या बाळंतपणासाठी मागची मातीची खोली तयार करून राहिले, खालचं सिमेंट काढू की राहू देऊ?

वावरवाली, ९ फेब्रुवारी

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. मोठ्या लेकीला सातवा लागला. होळी झाली की तिला आणायची आहे, डॉक्टरांनी तारीख मेच्या पहिल्या आठवड्यातली दिली. आपल्याकडचा मे कसा असतो ते विदर्भातल्या माणसाला सांगायची गरज नाही. ४४-४५ अंश तर रोजचेच. त्या उन्हात बाळ-बाळंतीण ठेवायची कुठं, हा विचार दिवाळीपासून डोक्यात आहे.

समोरच्या दोन खोल्या घरकुलाच्या. योजनेच्या मापाच्या, २६९ चौरस फूट, वर स्लॅब. घरकुल मिळालं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला होता, आणि आजही पावसाळ्यात त्या स्लॅबखाली निवांत झोप लागते. पण उन्हाळ्यात दुपारी दोननंतर भिंतीला पाठ टेकवत नाही आणि रात्री बारापर्यंत स्लॅब आग ओकते. मागं मात्र मामंजींच्या हातची मातीची खोली आहे. दहा बाय चौदा, भिंती दीड फूट जाड, वर कवेलू (कौलं), दार सपरीत उघडते आणि एक खिडकी सांदवाडीकडं. मे महिन्यात सगळं घर दुपारी तिथंच पडून असते. लेक फोनवर म्हणाली, "आई, मला मागचीच खोली दे, मी लहानपणी तिथंच झोपत होते." माझ्याही मनात तेच होतं.

आता खोलीची हालत सांगते. सहा वर्षांपूर्वी खालून ओल चढत होती, माती झडत होती, म्हणून एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून आम्ही जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा मारून घेतला. दोन वर्षं चांगला दिसला. मग त्याच्यावर पांढरा लोणा फुलला. मागच्या आठवड्यात मी सोयाबीनची पोती सरकवली तर पाटाएवढी खपली धप्पकन खाली आली. मागं पाहते तर माती इतकी ओली की बोट दाबलं तर आत गेलं, ओल्या गुळात जाते तसं. उधईची (वाळवीची) नळी वरपर्यंत गेलेली. उरलेल्या सिमेंटवर टिचकी मारून पाहिली, जागोजागी ढबढब वाजते. त्या रात्री मला झोप आली नाही. ह्याच भिंतीला लागून लेकीची बाज टाकायची होती.

वरच्या भागाला जुना डिस्टेंपर आहे, त्याचे पोपडे निघून राहिले. कवेलूतून माती आणि उंदराच्या लेंड्या पडतात. दाराला तीस वर्षांत चार-पाच वेळा ऑइलपेंट चढला, तोही फुगला. जमीन शेणानं सारवलेली. आणि सध्या ही खोली म्हणजे गोदाम. पोती, फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, सगळं तिथं.

आमच्या ह्यांचं म्हणणं, भिंत वरपर्यंत सिमेंटनं प्लास्टर करा, खाली टाइल लावा, एकदाची कटकट मिटली. पण त्यांचा हरभरा काढायला आला आहे, मिस्त्री लोक दुसऱ्या कामांत अडकलेले, आणि माझ्याजवळ बचत गटातले आठ हजार. म्हणून मी, धाकटा मुलगा (अकरावीत आहे) आणि जमेल तेव्हा जाऊबाई, असे आम्हीच करणार. सारवण, पोतारा मला लहानपणापासून येते. माझं माहेर दिग्रसकडचं, दर दिवाळीला आईसोबत सगळं घर पोतारलं आहे. पण खालून सुटलेली भिंत मी कधी दुरुस्त केली नाही.

सिमेंट सगळं काढावं का? काढलं तर माती कोणती लावावी, कशी लावावी? वरून चुना द्यावा की आजकालचा रंग? आणि खोली सुंदर व्हावी असंही मला मनापासून वाटते. पहिलं नातवंड आहे. त्याच्या डोळ्यासमोर पोपडे नकोत.


ओळंबा, ९ फेब्रुवारी

ताई, मी पुसदकडचा, तीस वर्षांपासून गवंडीकाम करून राहिलो. तुमच्या भिंतीला झालं ते मी पन्नास घरांत पाहिलं असेल. सिमेंट काढा. सगळं काढा, वाजते तेही आणि वाजत नाही तेही.

मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, दिव्याची वात तेल ओढते तशी. पण ती तेच पाणी हवेत सोडूनही देते, म्हणून इतकी वर्षं उभी राहते. सिमेंटमधून ती वाफ बाहेर निघत नाही. तीन फूट बंद केलं की पाणी सिमेंटच्या मागं साचते, माती भिजून नरम होते आणि ओल चौथ्या-पाचव्या फुटापर्यंत चढते. भाऊंचं ऐकून वरपर्यंत सिमेंट मारलं तर दोन वर्षं छान दिसेल, पण आत भिंतीचा चिखल होईल. त्यांना हे माझ्या नावानं सांगा, राग माझ्यावर येऊ द्या.

पण आधी बाहेर जाऊन पाहा. त्या भिंतीच्या पलीकडं काय आहे? मोरीचं पाणी कुठं जाते? कवेलूची धार कुठं पडते? बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच तर नाही? ओलीचं मूळ बाहेर असते, आपण आतून रंगवत बसतो.

काढताना छिन्नी तिरपी धरा, वरून खाली या, घण मारू नका. भिंत दणकली की जुनी माती भेगाळते. काढून झालं की निदान दोन आठवडे दार-खिडकी उघडी ठेवून भिंत वाळू द्या. उधईच्या नळ्या खरडून टाका आणि ती कुठल्या लाकडातून येते ते शोधा, बहुतेक दाराच्या चौकटीत सापडेल. बाळ येणार आहे त्या खोलीत उधईचं जहाल औषध मारू नका.

माती वावरातली काळी घेऊ नका. काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते आणि बोट जाईल अशा भेगा पडतात. गावठाणाची नाहीतर गढीची पांढरी माती आणा. आपल्याकडं जुने लोक वावराला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणत, कारण घरं त्याच मातीची होती. आणली की काचेच्या बाटलीत अर्धी माती, अर्धं पाणी घालून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. खाली रेती बसेल, वर गाळ. गाळच जास्त दिसला तर रेती मिसळावी लागेल. माझं माप तीन घमेली माती, एक घमेलं बारीक रेती, एक घमेलं गव्हाचं कुटार (भुसा). पण माती जागोजागी बदलते, म्हणून आधी भिंतीवर हातभर जागेत लावून वाळू द्या. भेग पडली तर रेती आणि कुटार वाढवा, हात फिरवल्यावर रेती झडत असेल तर माती वाढवा.

कालवून सहा-सात दिवस मुरू द्या, रोज पाणी शिंपडून पायानं तुडवा. वास येईल, येऊ द्या, कुटार कुजून चिकटपणा येते. लावायच्या आधी भिंत ओली करा, कोरड्यावर लावलेला थर पापडासारखा निघतो. बोटभर जाडीच्या वर थर देऊ नका. खड्डा खोल असेल तर दोन-तीन वेळा भरा.


धानवाली, १० फेब्रुवारी

बाई, मी भंडाऱ्याची. वर चुनाच द्या. डिस्टेंपर आधी पूर्ण खरडून, पाणी मारून, घासून काढा, कारण चुना डिस्टेंपरवर धरत नाही, त्याच्यासकट सुटतो.

कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुना आणा. लोखंडी ड्रममध्ये नाहीतर जुन्या गंजात (पातेल्यात) आधी पाणी घ्या आणि त्यात चुना थोडा थोडा टाका. चुन्यावर पाणी ओतू नका. खदखदा उकळते, अंगावर उडते. प्लॅस्टिकची बादली तर वितळूनच जाईल. मुलाला जवळ उभं राहू देऊ नका, डोळ्याला चष्मा लावा, हाताला खोबरेल लावून वर रबरी मोजे घाला. डोळ्यात उडालाच तर चोळू नका, साध्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. माझ्या जाऊबाईच्या डोळ्याचं असं झालं होतं, म्हणून इतकं बोलते.

चुना आठ दिवस पाण्याखाली राहू द्या. मग जुन्या लुगड्यातून गाळा. लावताना दुधाइतका पातळ पाहिजे. इथंच नवीन माणूस चुकते. ओला चुना भिंतीवर दिसतच नाही, पाणी मारल्यासारखं वाटते, म्हणून माणूस दाट करते. वाळल्यावर तो आपोआप पांढरा होतो. दाट लावला की हाताला, पदराला लागत राहतो. पातळ तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, एक आडवा, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. दर वेळी भिंत थोडी ओली करा. आम्ही त्यात भाताची पेज गाळून टाकतो, बादलीला तांब्याभर, त्यानं चुना धरून राहतो.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, असं माझ्या मुलानं पुस्तकात दाखवलं. म्हणून पहिले काही दिवस कडक ऊन त्या भिंतीवर येऊ देऊ नका, एकदम वाळला की त्याची भुकटी होते.

रंग पाहिजे असेल तर गेरू आणि पिवळी माती, ह्या दोन्ही चुन्यात टिकतात. नीळ अगदी चिमूटभर, नाहीतर भिंत निळसर दिसते.


नागपूरचा_शेजारी, १० फेब्रुवारी

काकू, एवढ्या मेहनतीपेक्षा पीव्हीसी पॅनल लावून घ्या ना. दोन दिवसांत खोली नवी, ओल दिसत नाही, पुसता येते. माझ्या फ्लॅटमध्ये तेच केलं.


ओळंबा, १० फेब्रुवारी

भाऊ, तुमच्या फ्लॅटची भिंत कोरडी असेल, तिथं ठीक आहे. इथं पॅनलच्या मागं ओल तशीच राहील आणि भिंत-पॅनलच्या फटीत उंदीर, विंचू बिळं करतील. बाळंतिणीच्या खोलीत असा सांधा एकही ठेवू नये. ताई, तुम्ही माती लावाल तेव्हा दाराच्या चौकटीभोवतीच्या आणि खालच्या कोपऱ्यातल्या फटी आधी बुजवा.


वावरवाली, १४ फेब्रुवारी

ओळंबा भाऊ, बाहेर जाऊन पाहिलं आणि तुमचं एकेक म्हणणं पटलं. घरकुलाच्या वेळी अंगणात आणि सांदवाडीत मुरूम भरला होता. तेव्हापासून बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा वीतभर वर आली. मोरीचं पाणीही त्याच कोपऱ्याकडं वळलेलं. सहा वर्षं आम्ही ते पाणी रोज आपल्याच हातानं भिंतीला पाजून राहिलो. ह्यांना नेऊन दाखवलं. ते बराच वेळ उकिडवे बसून पाहत होते, मग काही न बोलता फावडं आणायला गेले. दोन संध्याकाळी मुरूम काढला, भिंतीपासून दोन हात दूर उथळ नाली काढली, मोरीचा पाइप शेवग्याच्या आळ्याकडं वळवला.

सिमेंट काढून झालं. एक गोष्ट विचारायची आहे. दाराच्या उजवीकडं, जिथं माती कोरडी राहिली, तिथं सिमेंटच्या खाली बोटांच्या रेघा निघाल्या. चार-चार बोटांच्या, आडव्या, लाटेसारख्या, साधारण चार हात जागेत. सिमेंटच्या उलट्या बाजूलाही त्यांचा ठसा उमटलेला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन अकरा वर्षं झाली. ही खोली त्यांनीच लिंपली होती, हे मला माहीत आहे. ही त्यांची नक्षी असेल का? मला त्याच्यावर माती लावायला हात होऊन नाही राहिला.


ओळंबा, १४ फेब्रुवारी

ताई, नक्षी नाही, ती पकड आहे. खालचा थर ओला असताना त्यावर बोटं ओढतात, म्हणजे वरचा थर त्या खाचांत धरतो. वरचा थर ओलीनं झडला असेल आणि त्याच्यावरच सिमेंट मारलं गेलं. तुमच्या सासूबाई जाणत्या होत्या. तुम्ही पहिला थर लावाल तेव्हा त्यावर अशाच रेघा ओढा.


निवृत्त_सिस्टर, १५ फेब्रुवारी

मी ग्रामीण रुग्णालयात आणि उपकेंद्रात मिळून एकतीस वर्षं काम केलं. ताई, भिंतीचं तुम्ही बरोबर करून राहिल्या. मी बाळाच्या बाजूनं चार गोष्टी सांगते, कृपा करून मनावर घ्या.

पहिली, फवारणीचा पंप आणि औषधं. आजच बाहेर काढा आणि कुलपात ठेवा. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, ते दिवस मी विसरू शकत नाही. बाटल्या ठेवल्या होत्या तिथली जमीन वीतभर खोल खरडा, ती माती विहिरीपासून आणि गोठ्यापासून दूर पुरा, आणि तिथं नवी माती भरा. हे काम मोजे घालून मोठ्यांनीच करायचं.

दुसरी, दाराचा ऑइलपेंट. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं बरंच असू शकते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या दारावरचे थर त्याआधीचे. कोरडा पॉलिश पेपर मारला तर त्याची धूळ नाका-तोंडात जाते आणि खोलीत बसून राहते. पोटातल्या आणि पाळण्यातल्या बाळाच्या मेंदूला शिसं घातक असते. म्हणून दार काढून अंगणाच्या टोकाला न्या, पाणी मारून ओलंच खरडा, तोंडाला मास्क लावा, खपल्या गोणपाटावर जमा करा, जाळू नका. लेक यायच्या आधी हे संपलं पाहिजे.

तिसरी, शेणाची जमीन. मी सारवणाला नावं ठेवत नाही, मीही तशाच घरात वाढले. पण शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून संपल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते लसीमुळं आणि स्वच्छ बाळंतपणामुळं झालं. लेकीचं कार्ड पाहा, दोन्ही इंजेक्शनं झाली का विचारा, बाळंतपण दवाखान्यातच करा. नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, राख नाही. बाळ घरात असेपर्यंत त्या खोलीत शेणानं सारवू नका. निदान बाजेखाली आणि भोवती फरशी टाका.

चौथी, शेगडी. आपल्याकडं बाळंतिणीला शेक देतात, बाजेखाली निखारे ठेवतात. बंद खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जाते. मे महिन्यात शेकायची गरज तरी काय आहे?

आणि कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवा, झोत बाळावर येऊ देऊ नका आणि आठवड्यातून एक दिवस टाकी घासून कोरडी ठेवा, त्यात डासांची अंडी असतात.


वर्धेकर_मास्तर, १६ फेब्रुवारी

सजावटीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सेवाग्रामला कधी गेलात तर बापूकुटीच्या भिंती जवळून पाहा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी तिथं मातीतच उठावाची चित्रं केली आहेत, ताडाची झाडं आणि चरखा. वेगळा रंग नाही, भिंत ज्या मातीची त्याच मातीचं चित्र. सकाळी तिरपा उजेड आला की सावलीनं ते उठून दिसते. मी शाळेच्या मुलांना घेऊन जायचो तेव्हा मुलं हात लावू पाहायची.

तुम्हालाही जमेल. शेवटचा थर थोडा ओला असताना बारीक चाळलेल्या मातीचा दोरा वळून बसवायचा, कडा ओल्या बोटानं भिंतीत मिळवायच्या. बोटभरापेक्षा जाड नको, तडकते. वाळलं की त्याच्यावरूनच चुना द्यायचा.

कवेलूची माती बाळावर पडू नये म्हणून आमच्या आजीच्या घरी जुनी लुगडी जोडून चांदवा बांधायचे. सुती कापड घ्या, दोन-तीन महिन्यांनी काढून धुता येते. दिवा मात्र त्याच्यापासून दूर, भिंतीवर घ्या.


वावरवाली, २४ मार्च

सगळ्यांना नमस्कार. मधल्या दिवसांत लिहायला वेळ मिळाला नाही, माफ करा.

लेक होळीनंतर पाचव्या दिवशी आली. खोली तिच्या आधी तयार होती.

क्रमानं सांगते. पंप आणि औषधं वावरातल्या कोठीत गेली, कुलूप लावलं. खालची जमीन खरडली तर एका जागी मातीला अजून वास होता. सिस्टरताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी त्याच्यावरच सारवलं असतं. दार ह्यांनी काढून अंगणात ओलं खरडलं, मग जवसाचं तेल दोन वेळा चोळलं. तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवायच्या नाहीत, आपोआप पेटतात, हे मुलाच्या सरांनी सांगितलं, म्हणून त्या कुंपणावर पसरून वाळवल्या. दारात खरंच जुन्या सागाच्या रेषा निघाल्या, इतकी वर्षं आम्ही ते हिरवंच पाहत होतो. उधई चौकटीच्या खालच्या वीतभर लाकडात सापडली. सुताराकडून तेवढा तुकडा बदलला.

माती गढीजवळून बैलगाडीनं आणली. बाटलीत पाहिलं तर गाळ फार होता. पहिला हातभर तुकडा भेगाळला, दुसरा थोडा भेगाळला, तिसऱ्याला दोन घमेली रेती घातली तेव्हा बसला. तुडवायचं काम मुलानं केलं, सकाळी अभ्यासाच्या आधी अर्धा तास. जाऊबाईंनी कुटार चाळून दिलं. पहिल्या थरावर मी चार बोटं ओढली, दारापासून खिडकीपर्यंत. वर येऊन डावीकडून उजवीकडं हात नेला की लाट आपोआपच होते, मुद्दाम करावी लागत नाही. आत्याबाईंच्या रेघा होत्या त्या चार हात जागेत पहिला थर द्यायची गरजच पडली नाही. त्या रेघांवर सरळ वरचा लेप दिला. तो असा धरला की आज ठोकून पाहिलं तरी भरीव आवाज येते.

धानवाली बाई, चुन्याचा पहिला हात मी दाटच केला होता, तुम्ही सांगूनसुद्धा. दुसऱ्या दिवशी बोटाला पीठ लागलं. पुन्हा घासून काढला आणि दुधासारखा करून तीन हात दिले. इकडं पेज रोज निघत नाही, म्हणून तांदूळ मुद्दाम शिजवला. खाली वीतभर गेरूचा पट्टा, त्याच्यावर चुन्याच्या बोटांचे ठिपके, माझी आई काढायची तसे.

मास्तर, खिडकीच्या वर मी पऱ्हाटीचं (कापसाचं) झाड केलं, तीन बोंडं फुटलेली. एक बोंड तडकलं, ते पुन्हा बसवलं. सकाळी आठच्या सुमाराला उजेड येतो तेव्हा बोंडांची सावली पडते. लेकीनं ते पाहिलं तेव्हा आधी हात लावला, मग माझ्याकडं पाहिलं.

फरशी बाजेखाली आणि भोवती आठ बाय दहा टाकली, रेतीवर बसवून सांधे भरले. चांदवा आत्याबाईंच्या दोन लुगड्यांचा आणि माझ्या एका सुती साडीचा. बल्ब काढून दाराजवळ भिंतीवर घेतला. लेकीच्या कार्डावर दोन्ही इंजेक्शनांची नोंद आहे. शेगडीबद्दल चुलत सासूबाई थोड्या नाराज झाल्या, पण त्यांना सिस्टरताईंचं लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा त्या गप्प बसून ऐकत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, ठेवू नका मग.

आज दुपारी बाहेर ३९ अंश होते. लेक दोन तास झोपली, पंखा एकवर.

कूलर अजून लावला नाही. तो खिडकीत बसवला की त्याचं पाणी पुन्हा त्याच भिंतीवर झिरपेल, अशी मला भीती आहे. ओळंबा भाऊ, स्टँडवर ठेवून भिंतीपासून किती दूर घेऊ? आणि त्याच्या खाली नालीपर्यंत उतार करायला मुरूम चालेल की सिमेंटच पाहिजे?


ओळंबा, २४ मार्च

निदान वीतभर दूर, आणि मधली फट फळीनं नाहीतर ताडपत्रीनं झाका म्हणजे गरम हवा ओढणार नाही. स्टँडखाली फरशीचा एक तुकडा टाका, उतार भिंतीकडून नालीकडं. तिथं सिमेंट चालते, ते भिंतीला चिकटू देऊ नका. नालीतला गाळ पावसाच्या आधी एकदा काढा.